रुसव्याचा शंकरपाळा

लग्नात कोणी रुसलंच नाही तर पुढे काय करायचं, हे हेमराजनानांना जळगावच्या शिबिरात कोणी शिकवलं नव्हतं. खरं सांगायचं तर शिकवणाऱ्याने तो प्रश्न काढला होता आणि नाना हसले होते. तेच हसणं पुढे त्यांच्या अंगाशी आलं.

धरणगावात बसस्टँडच्या मागे नानांचं शेवंताई मंगल कार्यालय आहे. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, एका अंगाला भटारखाना, दुसऱ्या अंगाला गाद्यांची खोली. गावातली निम्मी जोडपी याच फरशीवरून संसाराला लागली. पण एरंडोल रस्त्याला नवं लॉन निघालं. तिथे हिरवळ, कारंजं, आणि नवरी आली की पायाखालून पांढरा धूर सोडायची सोय. धुरात नवरी दिसत नाही, तरी लोकांना ते आवडलं. नानांच्या तारखा रिकाम्या जाऊ लागल्या.

अशात नानांचे शालक योगराज, जे कापसाची दलाली करतात, एक दिवस चहाला आले आणि बसल्या जागी मान वर करून पत्रे न्याहाळू लागले.

"दाजी, एका जिनिंगवाल्याला गोदाम पाहिजे. तुमचं कार्यालय त्याच्या मनात भरलंय."

नानांच्या बायकोला, लताबाईंना, हे एकदम पटलं. आयुष्यभर त्यांनी परक्यांची लग्नं निस्तरली होती. "कापूस बरा," त्या म्हणाल्या. "कापसाला चहा लागत नाही. कापूस गरम पाणी मागत नाही. आणि मुख्य म्हणजे, कापूस रुसत नाही."

नानांनी एका लग्नाची मुदत मागून घेतली. बियाण्याचे व्यापारी प्रेमराजशेठ यांच्या मुलीचं, नूतनचं लग्न नानांकडे ठरलं होतं. शेठ म्हणाले होते, "नाना, हे एवढं वेळेवर आणि बिनबोभाट पार पाडा. पुढच्या साली घरातली आणखी तीन लग्नं तुमच्याकडेच. नाहीतर लॉन आहेच." म्हणजे हे लग्न नीट झालं तर कार्यालय राहणार होतं, आणि बिघडलं तर कापूस येणार होता.

त्याच आठवड्यात नानांना पेपरात जाहिरात दिसली. 'आपल्या व्यवसायाची प्रक्रिया आखा. प्रक्रिया सुधारा. दोन दिवसांचं शिबिर, चहा-नाश्त्यासह.' पहिल्या दोन वाक्यांतलं नानांना काही कळलं नाही. तिसऱ्यावर मात्र त्यांचा विश्वास बसला.

शिबिराला एक केळीच्या वेफर्सवाले होते, एक डाळमिलवाले, आणि नाना. शिकवणारे जितेंद्र सर एवढ्या उन्हाळ्यातही कोट घालून उभे होते. त्यामुळे ते फार शिकलेले असावेत असं नानांना वाटलं. सरांनी पहिला प्रश्न टाकला, "तुमचा ग्राहक कोण?"

वेफर्सवाल्यांनी सांगितलं, डाळमिलवाल्यांनी सांगितलं. नाना मात्र विचारात पडले.

"पैसे मुलीचा बाप देतो," ते म्हणाले. "हुकूम मुलाचा मामा सोडतो. जेवतं सगळं गाव. आणि नावं ठेवते मुलाची फुई, म्हणजे आत्या. यातला ग्राहक कोणता धरू?"

"एक निवडा."

"एक निवडला तर बाकीचे रुसतील ना, सर."

सरांनी फळ्यावर आकृती काढली. काम असेल तिथे चौकोन. 'हो की नाही' विचारायचं असेल तिथे शंकरपाळ्यासारखा आकार. आणि इकडून तिकडे बाण. प्रत्येक माणसासाठी एक आडवा पट्टा, त्याने आपल्या पट्ट्यातलं काम करायचं. नानांना ते केळीच्या बागेतल्या सऱ्यांसारखं वाटलं. एका सरीतलं पाणी दुसरीत गेलं की भांडण, हे त्यांना माहीत होतं. तेवढं समजलं, बाकीचं डोक्यावरून गेलं.

"आता तुमच्या प्रक्रियेत काम सगळ्यात जास्त कुठे अडतं?" सरांनी विचारलं.

"रुसव्यात," नाना म्हणाले.

सर पुण्याचे होते. त्यांना रुसवा ही कार्यालयातली एक पायरी असते हे माहीत नव्हतं. नानांनी समजावलं. नानांच्या कार्यालयातला शिरस्ता असा, की अक्षता पडल्या की पंगत बसायच्या आधी वराकडचा एक मानाचा माणूस रुसतो. बहुतेक वेळा फुवा, म्हणजे नवरदेवाच्या आत्याचा नवरा. तो भिंतीकडे तोंड करून बसतो. मग वधूकडची चार वडील माणसं जातात, हातापाया पडतात, टोपी-टॉवेल-नारळ देतात, फुवा उठतो आणि पंगत बसते. टोपीचा रुसवा लवकर मिटतो. फोटोचा त्याहून लांबतो. चहाचा रुसवा सगळ्यात वाईट, कारण दुसरा चहा आणला तरी पहिला आला नव्हता हे काही पुसलं जात नाही.

"म्हणजे हा अडथळा आहे," सर खूष झाले. "त्याच्या मुळाशी जायचं. पाच वेळा 'का' विचारा."

फुवा का रुसतो? टोपी लहान निघते म्हणून. टोपी लहान का निघते? एकाच मापाच्या आणतात म्हणून. एकाच मापाच्या का आणतात? मागच्या लग्नातल्या उरलेल्या असतात म्हणून. मागच्या लग्नातल्या का उरतात? तिथल्या फुव्यालाही लहान झाल्या म्हणून. इथवर बरं चाललं होतं. सरांनी पाचव्यांदा विचारलं, "पण तो फुवाच का रुसतो?"

"कारण तो फुवा आहे," नाना म्हणाले. डाळमिलवाल्यांनी जोरात मान हलवली. ते स्वतः तीन घरचे फुवा होते.

दुसऱ्या दिवशी नानांची आकृती तयार झाली. मधोमध शंकरपाळा होता, त्यात लिहिलं होतं, 'रुसवा झाला?' त्याच्या एका टोकाला 'हो'. तिथून बाण मनधरणीकडे, मनधरणीतून वरणाबरोबरच्या बट्ट्या तळण्याकडे, तिथून पंगतीकडे. दुसऱ्या टोकाला 'नाही'. तो बाण थोडा पुढे जाऊन थांबला होता.

"हा कुठे जातो?" सरांनी विचारलं. "नाहीच रुसलं कोणी, तर?"

नाना हसले ते इथे. "असं होत नसतं, सर."

धरणगावला येऊन नानांनी ती आकृती भटू पेंटरकडून कार्यालयाच्या भिंतीवर काढून घेतली. भटू आयुष्यभर 'शुभविवाह' रंगवत आलेला. त्याला नुसते चौकोन बघवेनात. त्याने चौकोनांना वेल काढले, बाणांना पिसं लावली, शंकरपाळ्याच्या चार टोकांना कमळं बसवली आणि सुरुवातीला गणपती काढला. नाना म्हणाले, "अरे भटू, गणपती आकृतीत नाही." भटू म्हणाला, "नाना, मग तुमची आकृती सुरू कशी होईल?" गणपती राहिला.

मग शेजारचे तोतारामभाऊ आले. ते पाचोऱ्याजवळच्या रेल्वे फाटकावर नोकरी करून निवृत्त झालेले. भिंत बघून म्हणाले, "हेमराज, हे बठ्ठं बराबर शे, सगळं जागच्या जागी. पण सिग्नल कुठंय? मागची गाडी निघाल्याशिवाय पुढची सोडायची नाही, हे लोकांना कोण सांगणार?" सरही असंच काहीतरी म्हणाले होते, की मागची पायरी पुरी झाल्याशिवाय पुढची सुरू करू नये. नानांना दोन शहाणी माणसं एकच बोलतायत असं दिसलं, आणि त्यांनी तोतारामभाऊंना भटारखान्याच्या दारावर नेमलं. लताबाईंचे दोन ब्लाउजपीस, एक लाल आणि एक हिरवा, काठ्यांना बांधून झेंडे झाले. एक ब्लाउजपीस नवा होता. त्याबद्दल घरात जे बोलणं झालं ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्यातच परवान्याचं निघालं. आगीच्या बंदोबस्ताचा दाखला पाहिजे आणि त्यासाठी कार्यालयाचा नकाशा जोडा, असा कागद आला. नानांनी घाईत नकाशा म्हणून आकृतीच जोडून दिली. कचेरीतल्या बाईंनी ती चष्मा लावून बराच वेळ बघितली. चूक झाली हे नानांच्या ध्यानात आलं, पण बाई इतक्या मन लावून बघत होत्या की मध्ये बोलायची त्यांची हिंमत होईना.

"ही मधली तिरकी खोली कसली?" बाईंनी विचारलं.

"ती... रुसव्याची."

"तिच्यातून एकच वाट बाहेर निघते. दुसरी मध्येच बंद आहे. उद्या काही झालं तर माणसं इथे अडकतील, काका." आणि त्यांनी वर शेरा मारला, 'एक वाट बंद आढळते. दुरुस्त करून आणावे.'

नानांनी दुसऱ्या दिवशी खरा नकाशा दिला आणि दाखला मिळवला. शेऱ्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. बाईंना प्रक्रियेतलं काय कळतंय, असं ते लताबाईंना म्हणालेसुद्धा.

लग्नाचा दिवस उजाडला. धुळ्याहून वऱ्हाड आलं. वराचे फुवा कौतिकराव उतरले तेव्हा जाणत्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. साक्री-शिरपूरपासून पारोळ्यापर्यंत एकही मांडव असा नव्हता जिथे कौतिकराव रुसले नव्हते. एकदा तर ते अख्खी वरात पुढे गेली तरी जिनिंगच्या वजनकाट्यावर बसून राहिले होते, असं सांगतात.

पण नानांची सगळी तयारी होती. कौतिकराव आत आले, पहिलीच टोपी डोक्यावर बरोबर बसली. कारण नानांनी सगळ्या मापांच्या टोप्या आणून ठेवल्या होत्या. पंख्याखाली त्यांच्या नावाची खुर्ची. चहा आला तो बिनसाखरेचा, न सांगता. पहिला फोटो त्यांचा. गरम पाणी विचारायला माणूस दोनदा येऊन गेला. कौतिकराव एकेका गोष्टीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. खुर्ची हलवून बघितली, डुगडुगत नव्हती. कपाच्या बुडाशी बघितलं, काही नव्हतं. शेवटी ते उठले आणि हात मागे बांधून, काही हरवल्यासारखे कार्यालयभर फिरू लागले.

अक्षता मुहूर्तावर पडल्या. हे धरणगावात फार दिवसांनी झालं आणि त्याने पहिला घोटाळा केला. पत्रिकेतल्या वेळेला कोणी येत नसतं, म्हणून निम्मं गाव घरी आरामात होतं. लोक येत होते आणि दारातच थबकत होते. "लगीन लागी गयं? आमना बिगर?" नवरीचा सख्खा मामा मेहंदी लावलेल्या मिशा सावरत आला तेव्हा नवरानवरी फोटो काढत होते.

तरी लोक आपणहून पंगतीला बसले. ताटात मीठ आलं, लिंबू आलं, ग्लासात पाणी आलं. आणि तिथेच गाडी थांबली.

भटारखान्यात वरण उकळत होतं, वांग्याची भाजी तयार होती, वाफवलेल्या बट्ट्या कापून ठेवल्या होत्या. कढईतलं तेल तापून धूर सोडत होतं. पण दारात तोतारामभाऊ लाल झेंडा धरून उभे होते.

"भाऊ, तळू का?" आचाऱ्याने विचारलं.

"लाईन क्लिअर नाही."

"पंगत बसलीय हो!"

"मी फाटकावर अख्खी नोकरी काढली. मंत्री थांबवला होता एकदा. तुझ्या बट्टीचं काय घेऊन बसलास?"

नाना धावत आले आणि भिंतीपुढे उभे राहिले. गणपतीपासून बोट फिरवत शंकरपाळ्यापर्यंत आले. रुसवा झाला? नाही झाला. 'नाही'च्या बाणावरून बोट पुढे सरकलं आणि कोऱ्या चुन्यावर येऊन थांबलं. तिथे काहीच नव्हतं. भटूने शोभेसाठी एक पोपट तेवढा काढला होता.

"नाना, जेवण?" मागून प्रेमराजशेठ आले.

"जरा थांबा शेठ, अजून कोणी रुसलं नाही."

हे वाक्य नानांनी हळू म्हटलं होतं, पण कार्यालय पत्र्याचं. ते सगळीकडे घुमलं. वधूकडच्या बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. "खरंच की. धुळ्याची माणसं, आणि एकही रुसलं नाही? एवढी चांगली कशी वागतायत? पोरात काही कमी तर नाही ना?" ते वराकडच्या बायकांनी ऐकलं. "आम्ही मुकाट्याने बसलो तर आमचं जेवण अडवता?" इकडे पंगतीतल्या लोकांनी मीठ चाखून संपवलं होतं आणि आता लिंबं पिळत होते.

नानांनी धीर केला आणि हात जोडून कौतिकरावांपुढे उभे राहिले.

"फुवा, जरा रुसता का? थोडंसं."

कौतिकरावांनी ताठ होऊन बघितलं. "सांगितल्यावर रुसायला मी काय भाड्याने आलोय? मी रुसतो तो मनापासून रुसतो. त्याला काही कारण लागतं. कारण ठेवलंय का तुम्ही कुठे?"

"जेवणाला उशीर होतोय. त्यावर रुसा ना."

कौतिकराव विचार करू लागले. "पण उशीर का होतोय?"

"तुम्ही रुसला नाहीत म्हणून."

"म्हणजे मी आता रुसलो, की जेवण निघणार. जेवण निघालं की उशीर संपला. उशीर संपला तर मी रुसलो कशावर?"

नानांनी बाजूला जाऊन जितेंद्र सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रक्रिया स्वतःभोवती फिरायला लागली आहे. तिचा मालक कोण?"

"कार्यालयाचा? मीच."

"मग तुम्हीच काहीतरी करा." आणि रेंज गेली, किंवा सरांनी घालवली.

नाना वळले तर दारातून शालक योगराज आत येत होते, बरोबर तो जिनिंगवाला. योगराजच्या हातात मोजायचा टेप होता. "चालू द्या दाजी, चालू द्या. आम्ही नुसती लांबी घेतो." नवरानवरीच्या खुर्च्यांमागून टेप सरकू लागला. जिनिंगवाला नवरदेवाच्या डोक्यावर बोट दाखवून म्हणाला, "इथपर्यंत कापसाच्या गठाणी लागतील." नवरदेवाने आधी वर बघितलं, मग नवरीकडे.

पंगतीत कोणीतरी भिंतीवरचा पोपट दाखवून हसलं. मग सगळी रांग हसली. प्रेमराजशेठ कोरड्या आवाजात म्हणाले, "नाना, तुमच्याशी बोललो होतो त्या तीन लग्नांचं... आपण ते लॉनवरच बघू."

नानांच्या मनात लॉन आलं नाही की कापूस आला नाही. आले ते टोप्यांचे विचार. आतापर्यंत प्रत्येक लग्नात शेवटी का होईना, एक टोपी कार्यालयाच्या मालकाच्या डोक्यावर ठेवत. लहान असे, पण ठेवत. या लग्नाच्या टोप्या स्वतः नानांनी आणल्या, सगळ्या मापांच्या आणल्या, प्रत्येक मानकऱ्याचा पट्टा आखला, आणि स्वतःचा पट्टा आखायला विसरले. त्यामुळे त्यांना कोणी टोपी घातली नव्हती. एवढ्या माणसांत एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

नाना सरळ गाद्यांच्या खोलीत गेले, गाद्यांच्या चळतीवर चढले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

लताबाई दारापर्यंत गेल्या. "अहो."

नाना भिंतीकडे आणखी सरकले.

"अहो, लोक उपाशी आहेत."

"जेवू दे नाहीतर न जेवू दे. मला काय विचारतेस? मी कोण?"

हे 'मी कोण' बाहेर हात मागे बांधून फिरणाऱ्या कौतिकरावांच्या कानावर पडलं आणि ते जागच्या जागी थांबले. आतल्या आवाजाची घडण त्यांनी ओळखली. दारातून डोकावून त्यांनी पाठीचा कोन बघितला, मानेचा ताठा बघितला. मग त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा तेज आलं.

"नाना रुसनात!" ते ओरडले. "अहो शेठ, नाना रुसले! मनापासून!"

कार्यालय उठून आलं. तोतारामभाऊ झेंड्यासकट आले, त्यांनी गाद्यांवर नजर टाकली, मग भिंतीवरच्या शंकरपाळ्यावर. 'रुसवा झाला?' एवढंच लिहिलं होतं. कोणाचा, ते लिहिलेलं नव्हतं. पण ते नियमाचे माणूस. "रुसवा झाला. आता मनधरणी होऊ द्या," म्हणाले, आणि लाल झेंडा तसाच धरून ठेवला.

मनधरणीचं पुढारपण साहजिकच कौतिकरावांकडे गेलं. त्यांनी वधूकडची चार आणि वराकडची चार वडील माणसं उभी केली. "घाई करू नका. आधी नुसतं उभं राहायचं. मग खाकरायचं." स्वतः ते नानांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "पहिल्या बोलावण्याला उठू नका बरं. किंमत राहत नाही. तिसऱ्याला उठा."

"मी खरंच रुसलोय, फुवा," नाना भिंतीला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ते दिसतंय ना. म्हणूनच सांगतो. असा रुसवा वाया घालवू नये."

प्रेमराजशेठ पुढे झाले. "नाना, चुकलं आमचं. उठा." नाना उठले नाहीत. वराचा बाप पुढे झाला. "उठा नाना, चाला, तुमना बिगर आम्ही घास घेत नही." नाना थोडे हलले, पण उठले नाहीत. शेठनी टोपी शोधायला माणूस पिटाळला. सगळ्या मापांच्या टोप्या ज्याच्या त्याच्या डोक्यावर नीट बसल्या होत्या. उरली होती एकच, लहान पोराच्या मापाची. शेठनी तीच दोन्ही हातांनी नानांच्या डोक्यावर ठेवली.

नाना वळले. "टोपी लहान आहे," ते म्हणाले.

"व्वा!" कौतिकराव पुटपुटले.

लगेच वराच्या बापाने स्वतःची टोपी काढून नानांना घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ हातात दिला. नाना गाद्यांवरून खाली उतरले. तोतारामभाऊंनी हिरवा ब्लाउजपीस फडकवला, बट्ट्या कढईत पडल्या, आणि पंगत अशी जेवली की आचाऱ्याला दुसरं पीठ मळावं लागलं. वधूकडच्या बायका म्हणत होत्या, चला, झालं बाई रीतीप्रमाणे. कोणी मुलात काही कमी आहे का ते पुन्हा विचारलं नाही.

पाठवणीच्या वेळी प्रेमराजशेठ नानांना बाजूला घेऊन गेले.

"ती तीन लग्नं इथेच. पण एक ठरलं पाहिजे. रुसायचं तुम्ही. आमचे पाहुणे मोकळे राहतील, आणि कुठे जाऊन समजूत घालायची ते आम्हाला माहीत राहील. लॉनवाल्याला हे जमायचं नाही. त्याच्याकडे गाद्यांची खोलीच नाही."

नानांना याचा आनंद मानावा की पुन्हा रुसावं ते कळेना. ते भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. भटू पेंटर जेवून ढेकर देत तिथेच होता. त्याने 'नाही'चा तुटका बाण पुढे ओढला होता, आणि पोपटाच्या शेजारी, पाठमोऱ्या बसलेल्या एका माणसाच्या डोक्यावर लहानशी टोपी रंगवत होता.

योगराज टेप गुंडाळत लताबाईंकडे आले. "मग अक्का, काय कळवू त्यांना? कापसाचं?"

लताबाई ताटात वरण-बट्टी वाढून गाद्यांच्या खोलीकडे निघाल्या होत्या, कारण नाना पुन्हा तिकडेच जाऊन बसले होते, सवय व्हावी म्हणून.

"नको म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "कापूस रुसत नाही ना. मग इथे त्याचा काय उपयोग?"